हक्कसोडपत्राची साक्षीदार

“आक्के, सही झाली की लक्ष्मी रोडला जाऊ. आवडंल ती साडी घे,” भाऊ बहिणीला सांगत होता.

दोघं नोंदणी कार्यालयात माझ्याच बाकावर बसले होते. मी कोथरूडच्या माझ्या नव्या फ्लॅटच्या नोंदणीसाठी थांबले होते. त्या बाई वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडायला आल्या होत्या. जमीन हिंजवडीच्या बाजूची, बिल्डरला घाई होती.

पंख्याच्या वाऱ्यात सगळ्यांनाच पेंग येत होती. बाईंनी मांडीवर पदर पसरला होता आणि त्यावर त्या बोटाने रेघा ओढत होत्या.

“ही हीर,” त्या मला म्हणाल्या. “हितं हरभरा. आई पहाटे त्याच्यावर फडकं पसरायची. दवानं भिजलं की पिळून त्याचं आंबट पाणी, आंब काढायची.”

त्यांचं बोट विहिरीला सावकाश वळसा घालून जायचं. मलाही गार वाटायला लागलं.

“सोडवत न्हाई गं,” त्या हळूच म्हणाल्या. “पण न्हाई म्हणलं तर दिवाळीला बोलवंल कोण?”

तेवढ्यात भावाने माझ्यापुढे पेन धरलं. त्याचा दुसरा साक्षीदार आलाच नव्हता.

“मॅडम, एक सही करता का? वाचत बसू नका, नुसती साक्ष हाय.”

मला अनोळखी माणसांना नाही म्हणता येत नाही. मी पेन घेतलंसुद्धा. बाई पदराकडेच बघत होत्या.

“साक्षीदार मी आहे ना?” मी म्हटलं. “मग आधी माझ्यासमोर त्यांना विचारा, हिस्सा सोडायचाय का.”