चार सेकंदांची मालकी

लातुरात क्लासेसची गल्ली लांबत गेली तशी तिच्या तोंडाशी झेरॉक्सची दुकानंही वाढली. मी त्या गल्लीत फिजिक्स शिकवायचे. रात्रंदिवस खपून हाताने लिहिलेल्या माझ्या नोट्स माझ्याच क्लाससमोरच्या दुकानात, माझ्या नावाचं पहिलं पान काढून, दोरीला टांगलेल्या असत. दुकानदाराला मला पाहून लाज वाटायची म्हणाल तर नाव नको. उलट विचारायचा, "मॅडम, नवा धडा कधी देणार? पोरं लई मागं लागलीत."

मी मुळात तापट. आठवड्यातून एकदा तरी त्या दुकानासमोर माझा आवाज चढायचा. माझ्यानंतर केमिस्ट्रीचे सर यायचे, त्यांच्यानंतर बायोलॉजीचे. कारण त्या दोरीवर सगळ्यात जास्त खपायचा तो एका शिक्षकाचा संच नव्हताच. दुकानदाराने प्रत्येकाचा चांगला चांगला धडा उचलून एकत्र बांधलेलं ते बंडल होतं. पोरं त्याला 'मिसळ' म्हणायची.

शेवटी दुकानदारच कंटाळला. एके दिवशी त्याने मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, "तुम्ही चौदा जण हाव. चौदा बारी येऊन भांडता, माझं गिऱ्हाईक पळतंय. त्यापरीस एकानं या. एका बंडलामागं जे काय ठरंल ते मी त्याच्या हातावर ठेवतो. आपसात कसं वाटायचं ते तुमचं तुम्ही पाहा. बाकीच्या दुकानदारांना मी समजावतो."

लेखकांनी एकत्र येऊन आपले हक्क सांभाळायचे, एकाने सगळ्यांच्या वतीने वसूल करायचं आणि वाटून घ्यायचं, अशा मोठमोठ्या संस्था असतात हे मी फार पुढे वाचलं. आम्हाला ती अक्कल ज्याच्यावर चोरीचा आळ घेत होतो त्यानेच शिकवली.

वाटायचं म्हटलं की कोणतं पान कोणाचं हे आधी ठरायला हवं. त्याचीही आमची तयारी होती. चोर पकडता यावा म्हणून प्रत्येकाने आपल्या नोट्समध्ये एकेक खूण लपवली होती. बायोलॉजीचे सर बेडकाच्या पुढच्या पायाला एक बोट जास्त काढायचे आणि स्वतःच्या मुलांना तोंडी सांगायचे, "हे बोट खोडून टाका." गणिताच्या सरांची शिडी कायम तेरा फुटांची. तेरा फुटी शिडी अख्ख्या जगाच्या पुस्तकांत आहे असं मी म्हटल्यावर ते महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते.

माझी खूण म्हणजे एक गणित होतं. देवणी बैलजोडी तुरीची पोती भरलेली गाडी चढावर ओढते, मध्येच चार सेकंद दम खाते, पुन्हा निघते. तर जोडीची सरासरी शक्ती किती? पोरं ते चार सेकंद हमखास विसरायची आणि उत्तर चुकायचं. मग मी फळ्यावर खडू आपटून म्हणायचे, "बैल थांबला, घड्याळ थांबलं का?" हे वाक्य माझ्या मागे गल्लीभर म्हटलं जायचं. आमच्या वडिलांची जोडी देवणीच होती, त्यामुळे ते गणित मला नुसतं माझंच नाही, घरचं वाटायचं.

निवाड्याला पंच कोण, यावर दोन बैठका वाया गेल्या. लातुरातला माणूस कोणालाच चालेना. मग मीच नाव सुचवलं: नांदेडच्या कॉलेजात मला फिजिक्स शिकवलेले सर. निवृत्त झालेले, क्लास नाही, कोणाकडून काही घेणं नाही. मूळचे देवणीकडचे. शिकवायला कडक आणि न्यायाला त्याहून कडक.

रविवारी दुपारी सर एसटीने आले. माझ्या क्लासच्या हॉलमध्ये चौदा जण पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलो. चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा झाला. सरांनी चष्मा पुसला, 'मिसळ' पुढ्यात ओढली आणि म्हणाले, "मी मोठ्यानं वाचतो. ज्याचं असंल त्यानं हात वर करायचा. वहीत नोंद होईल." वही केमिस्ट्रीच्या सरांकडे होती. यजमानीण म्हणून पहिला मान माझ्या फिजिक्सचा.

सर वाचायला लागले. "एक देवणी बैलजोडी भरलेली गाडी चढावर..."

माझा हात अर्धा वर गेला होता. आणि तो संथ, दर दोन शब्दांनंतर थांबणारा आवाज ऐकून मला नांदेडचा वर्ग दिसला. हिरवा फळा, डावीकडे काढलेला चढ, त्यावर खडूची चौकोनी गाडी. हेच गणित, याच आवाजात, मी उतरवून घेतलं होतं.

माझ्या त्या वह्या गावच्या घरी होत्या, त्या भूकंपात गेल्या. आमची माणसं शेतावर झोपायला होती म्हणून वाचली. गावातल्या आमच्या गल्लीतली सगळी वाचली नाहीत. माझी पत्र्याची पेटी भिंतीखाली गेली ती गेलीच. पुढे पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत बारावीची पोरं समोर बसली तेव्हा पुस्तक नव्हतं, वही नव्हती. आठवेल ते लिहीत गेले. आठवता आठवता कोणतं आठवलेलं आणि कोणतं सुचलेलं, यातला फरक पुसला. गणितातली जोडी मला वडिलांची दिसायची, म्हणून गणितही मी माझंच धरून चालले.

हॉलमध्ये सगळे माझ्या अर्ध्या हाताकडे पाहत होते. याच जोडीवरून मी दुकानदाराला चोर म्हटलं होतं, केमिस्ट्रीच्या सरांना टोमणे मारले होते, गणिताच्या सरांची शिडी हसण्यावारी नेली होती. आणि आता पंच म्हणून ज्यांना मी स्वतः बोलावलं, त्यांच्याच समोर बसून त्यांचंच गणित माझ्या नावावर चढणार होतं. हात वर केला तर सरांशिवाय कोणाला कळलं नसतं. कदाचित सरही बोलले नसते. मला फार लाज वाटली.

मी हात खाली घेतला आणि उभी राहिले. "सर, हे गणित माझं नाही. तुमचं आहे. मी विसरले होते."

गणिताच्या सरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी आजतागायत विसरलेले नाही.

सरांनी चष्मा काढला. "बस खाली," म्हणाले. मग बाकीच्यांकडे वळले. "जोडी माझी, खरं हाय. कैक वर्षं मी हे गणित घातलं. पण माझी जोडी चढावर एका दमात जायची. एका वर्षी मागच्या बाकावरून ही पोरगी उठली. म्हणाली, सर, तुमचे बैल लई शहाणे हायत. आमच्याकडं चढावर बैल दम खातात. सगळा वर्ग हसला. मी हिला वर्गाबाहेर काढलं."

"आणि मग?" केमिस्ट्रीच्या सरांनी विचारलं.

"घरी जाऊन विचार केला. मी देवणीकडचा माणूस, आन् मला हे सुचलं न्हाई? दुसऱ्या दिवशी गणितात चार सेकंद घातले. गणित खरं तवापासून अवघड झालं." मग ते वहीकडे बोट करून म्हणाले, "लिहा. बैलजोडी माझी. चार सेकंद हिचे."

मला वर्गाबाहेर काढल्याचं पुसटसं आठवतं. कशासाठी, ते आजही आठवत नाही. मला बरेचदा बाहेर काढत. पण त्या दुपारी मी पदर डोळ्यांना लावला आणि हसतही होते, दोन्ही एकदम.

त्यानंतर निवाडा भलत्याच वाटेला लागला. बायोलॉजीचे सर खाकरले आणि म्हणाले की जास्तीचं बोट त्यांचं असलं तरी बेडूक उमरीच्या एका बाईंचा आहे. केमिस्ट्रीच्या सरांनी वही बाजूला ठेवून स्वतःचे तीन धडे दुसऱ्यांच्या नावे सांगितले. सहा वाजेपर्यंत चौदा जणांच्या यादीत तीस-पस्तीस नावं झाली, त्यातली काही हयात नसलेल्यांची. गणिताचे सर तेवढे शिडीवर ठाम राहिले. पंचांनीही त्यांच्यापुढे हात टेकले आणि शिडी त्यांच्या नावे लिहून टाकली.

दुकानदाराने शब्द पाळला. वाटणी होऊन दरवर्षी सरांचा हिस्सा नांदेडला जायचा आणि चार सेकंदांचा, बैलजोडीच्या मानाने अगदीच चिमूटभर, माझ्याकडे यायचा. एकदा मी तो नको म्हणून सरांना कळवलं. त्यांचं पोस्टकार्ड आलं: "दम खाल्ल्याचे आहेत. घे."

आता मी शिकवत नाही. शेजारणीची नात कधी तसलीच गणितं घेऊन येते. त्यांत गाडी कोणाची, चढ कोणता, मी विचारत नाही. पण ती चार सेकंद धरायला विसरली की माझा आवाज पूर्वीपेक्षाही चढतो, कारण बाकी गणित कोणाचंही असो, तेवढे चार सेकंद माझे आहेत.