टॉकीजमधले नऊ फूट

आमच्या घरात आईचा एकही फोटो नव्हता. मी दीड वर्षाची असताना ती गेली. मनवेलपाड्याच्या चाळीत आमची एक खोली. बाबा टॉकीजमध्ये ऑपरेटर, म्हणजे मशीनवर सिनेमा चालवणारे. केबिनच्या धगीत उभं राहून घरी यायचे आणि मग माझ्यासाठी स्टोव्ह पेटवायचे. शाळेत 'माझी आई' हा निबंध आला की मी शेजारच्या काकूंचं वर्णन लिहायचे. त्यांचा तीळसुद्धा.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, बाई हळवी आहे. नाही! केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलंय. आई-बाबा, दोघांच्याही घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये नोकरी करते. चाळीत कुणाच्या अंगात आलं की सगळे बघायला जायचे आणि मी घरात कुकर लावायचे.

२००२-०३च्या सुमाराची गोष्ट. आमचं टॉकीज तोवर बंद पडलं होतं. नंदाखालच्या लोपीस सरांनी, हे निवृत्त शिक्षक आणि पक्के सिनेमावेडे, चार मित्रांना घेऊन ते पुन्हा उघडलं. नवे सिनेमे लावायला नव्हे. गोदामात पडलेल्या जुन्या प्रिंट ते साफ करायचे, फाटलेल्या जोडायचे आणि रविवारी सकाळी दहाला लोकांना दाखवायचे. त्यांतली एक प्रिंट होती अर्नाळ्याला शूटिंग झालेल्या एका पडेल मराठी सिनेमाची. ती परत न्यायलाही कुणी आलं नव्हतं.

त्या सिनेमात माझी आई होती. समुद्रावर मासळी वाळवणाऱ्या बायकांमधली एक. अर्नाळ्याची मावशी मला हे लहानपणापासून सांगायची.

त्या रविवारी मावशी सकाळीच येऊन दारात उभी राहिली. बाबा काही हलेनात.

"गुडघे दुखतात माझे. तुम्ही जा."

"खुर्चीत बसायचाय भावजी, नाचायचा नाय!" मावशी म्हणाली. "बायकोला बगाया एवडा भाव खाताय?"

शेवटी आले. टॉकीजच्या दारातच व्हिनेगरसारखा आंबट वास आला. जुनी फिल्म सडायला लागली की तो सुटतो... पंधरा-वीस माणसं असतील. लाकडी खुर्च्या त्याच.

इंटरव्हल झाला. पडद्यावर अर्नाळ्याचा किनारा आला तसे बाबा माझ्या कानाशी वाकले.

"शोभा, डोळे फाडून बघू नकोस. ती दिसणार नाही."

"का?"

"तो तुकडा मी कापलाय. ती गेली त्या वर्षी. नऊ फूट."

ज्या माणसाने मला दुसऱ्याची पेन्सिलसुद्धा परत करायला लावली, तो हे सांगत होता. एवढी वर्षं मी आईचा चेहरा शोधत होते आणि तो यांच्याकडे होता! रागाने उठून जाणार होते...

तेवढ्यात मावशी ओरडली, "ती बग! तारा!"

डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई वाळूतून आमच्याकडे चालत येत होती. थांबली. पदराने कपाळ पुसलं. सरळ समोर बघितलं आणि हसली — हाताला मासळीचा वास असेल म्हणून की काय, मनगटाने तोंड झाकून. मग डावीकडे वळून गेली. त्यानंतर होडी आली.

बाबा उभे राहिले होते. "बसा हो!" मागून कुणीतरी म्हणालं.

खेळ संपल्यावर आम्ही तिघं तडक केबिनमध्ये गेलो. लोपीस सरांनी रीळ काढून टेबलावर ठेवलं. कापलेली फिल्म चिकटवताना प्रत्येक ऑपरेटरचा जोड वेगळा असतो. बाबा जोडाशेजारी, फिल्मच्या कडेला, ब्लेडने बारीक खाच मारायचे. गुंडाळताना अंधारातही बोटाला कळावं की इथे जपून. त्यांनी डोळे मिटले आणि फिल्म चिमटीतून सोडू लागले. बऱ्याच वेळाने थांबले.

"हा माझा."

मी ती पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली. जोडाच्या आधी रिकामी वाळू. जोडानंतर होडी. मध्ये काहीच नाही.

"इथे उडी आहेच," सर म्हणाले. "आजही बघितली मी. वाळू, आणि धाडकन होडी. का, काय झालं?"

बाबा फिल्म पुन्हा गुंडाळू लागले.

घरी आल्यावर बाबांनी ट्रंकेच्या तळातून बिस्किटांचा डबा काढला. "दाखवलं असतं आणि तू विचारलं असतंस कुठून आणलं, तर काय सांगणार होतो?" एवढंच बोलले. मी त्यातली फिल्मची पट्टी उलगडली. बाई येते, थांबते, पदराने कपाळ पुसते. तिथे पट्टी संपली. हसणं नव्हतं. वळणं नव्हतं.

बाबा शपथेवर सांगत होते की प्रिंटमध्ये हसणं कधी नव्हतंच, तो सीन त्यांनी केबिनमध्ये एकट्याने शेकडो वेळा चालवला होता. मी लॅबमध्ये करते तसं केलं. मावशीला ओट्यावर नेऊन वेगळं विचारलं, बाबांना आत वेगळं. काय बघितलं? दोघांनीही मनगट सांगितलं. दोघांनीही डावीकडे सांगितलं.

"शूटिंगला ती हसली व्हती," मावशी हळू आवाजात म्हणाली. "मी बाजूलाच व्हते. तो डायरेक्टर खेकसला तिच्यावर, कापून टाकला म्हनं तेवढा."

मावशीने ते हसणं पूर्वी पाहिलं होतं, म्हणून तिला दिसलं असेल. बाबांना तिची सवय माहीत, म्हणून त्यांना. पण मला? मला तर आईचं हसणं आठवतही नव्हतं. मनगटाचं कुणी सांगितलंही नव्हतं. यावर मी खूप डोकं चालवलंय.

पुढच्या रविवारी बाबा डबा घेऊन स्वतःहून टॉकीजमध्ये गेले. सरांना सगळं सांगितलं. सर रागावले नाहीत, फक्त ब्लेड आणि फिल्म चिकटवायचं सिमेंट पुढे सरकवलं. बाबांचा जोड सरळ बसला. या वेळी खाच मी मारली.

प्रिंट आता पुरी आहे. तिच्यातल्या एका फ्रेमवरून सरांनी फोटो करून दिला. आमच्या घरात माझ्या डिग्रीच्या शेजारी आईचा फोटो आहे.