दुभाषीचा अंगठा

"ओरड," साहेब म्हणाला.

माझा बाप बंगल्याच्या पायरीखाली उकिडवा बसला होता. वर वेताच्या खुर्च्यांवर तिघं जण, साहेब, वकील आणि मुनशी. चहा चालला होता. बापानं दोन्ही तळवे तोंडाशी नेले आणि तितराची साद घातली. नराची. बांबूच्या चिकाच्या पडद्याआड साहेबाच्या घरची माणसं खिदळली. "फिर से," साहेब म्हणाला. मी बापाला आमच्या बोलीत सांगितलं, परत. बापानं परत घातली. मग मादीची. मग लाव्याची. त्याच्या कपाळाच्या शिरा तटतटल्या, तरी "फिर से" थांबेना. शेवटी वकिलानं बशीतलं एक बिस्कीट खाली फेकलं. ते धुळीत पडलं. बापानं उचललं, फुंकर मारली आणि पालावरच्या माझ्या पोरासाठी मुंडाशाच्या टोकाला बांधून ठेवलं. वर पुन्हा हशा झाला. बापही हसला. त्याला वाटलं, साहेब लोक खूष झाले.

मी बाजूला हात जोडून उभी होते. मी दुभाषी. बापाचं बोलणं उर्दूत सांगायचं आणि त्यांचं बापाला. ती लाज अजून माझ्या अंगावर आहे, आणि ती मी कुणाला धुऊ देणार नाही.

आम्ही फासेपारधी. निजामाच्या राज्यात औरंगाबादजवळ, चितेगावच्या माळावर आमची आठ पालं होती. पुरुष तितर-लावे धरायचे आणि आम्ही बाया ते शहागंजात विकायचो. मुसलमान घरांतून माझी रोजची गिऱ्हाइकं होती. त्यांच्या अंगणात उभी राहून राहून मी उर्दू शिकले. नवरा वारल्यावर मी बापाकडंच राहत होते.

त्या वर्षी लासूर स्टेशनच्या वाटेवर व्यापाऱ्यांच्या गाड्या लुटल्या गेल्या. आम्ही त्या वाटेला कधी गेलोही नव्हतो. पण सरकारनं टोळ्यांची माहिती काढायला एक कमिटी नेमली. मोठा साहेब हैदराबादचा, वकील आमच्याच शहरातला मराठी माणूस, आणि लिहून घ्यायला एक मुनशी.

मुनशी आधी एकटा पालावर आला. गोड माणूस. आमच्या वाकळेवर मांडी घालून बसला. म्हणाला, "सरकारला तुमचा धंदा समजून घ्यायचाय. खरं खरं सांगा. साहेब तुम्हाला चिठ्ठी देतील, हे शिकारी आहेत, यांना कुणी अडवू नये म्हणून." मग त्यानं पाणी मागितलं. आमच्या मडक्यातलं. प्यालाही, घटाघटा.

आमच्या पाण्याला गावातलं कुत्रंही तोंड लावणार नाही, असं लोक तोंडावर म्हणायचे. आणि आमच्यात रिवाज असा, की ज्यानं आपलं पाणी प्यालं तो आपला सोयरा. सोयऱ्यापासून हुन्नर लपवायचा नाही. लपवला तर पंचायत वाळीत टाकते. मला शंका आली होती. मी बापाला म्हणाले, "बा, समदं नगं सांगूस." तो माझ्यावरच खेकसला, "पानी पिला त्यो आपला! आता काय लपवू? चिठ्ठी भेटली तर तुझं पोरगं लाथा न खाता शिकार करंल."

चिठ्ठीसाठी तो वेडा झाला होता. शेतात फासे लावले की पोलीस पाटील यायचा, फासे पायानं तुडवायचा, पाखरं घेऊन जायचा आणि वर पाठ सोलून काढायचा. हे बापाच्या आयुष्यभर चाललं होतं. एका कागदानं ते थांबणार होतं.

तीन दिवस बापानं सगळं दाखवलं. घोड्याच्या केसांचे फासे कसे वळायचे, काड्या ओळीनं कशा रोवायच्या. शिकवलेल्या गाईच्या आडून, तिच्या पायाबरोबर पाय टाकत हरणाच्या जवळ कसं सरकायचं. रानात दोघं लांब लांब असले तर पाखराच्या आवाजात 'थांब' कसं म्हणायचं, 'ये' कसं म्हणायचं. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. तो फुलून सांगत होता. मी एकेक शब्द उर्दूत घालून देत होते आणि मुनशी मान डोलावत लिहीत होता. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या तळपायांना शाई लावून ठसे घेतले. बायांचेसुद्धा. माझ्या म्हाताऱ्या चुलतीनं लुगडं पोटरीवर घ्यायला नकार दिला, तर शिपायानं काठीनं ते वर केलं. तेव्हाही बाप म्हणाला, "चिठ्ठीसाठी आसंल."

मग त्यांनी आम्हा दोघांना बंगल्यावर बोलावलं. तिथं हे ओरडणं झालं.

हसून झाल्यावर साहेबानं मुनशीला खूण केली. मुनशीनं शाईची डबी आणि कागद पुढं सरकवले. म्हणाला, "बाबाचा अंगठा. आणि तुझाही. दुभाषीनं बरोबर सांगितलं याची साक्ष."

"आधी वाचा," मी म्हणाले.

वकील मराठीत म्हणाला, "हिला वाचून काय कळणार आहे? गाढवापुढं कुराण काय आणि पुराण काय."

"कळंल," मी म्हणाले. "वाचा."

मुनशीनं भरभर वाचलं. जड जड शब्द घालून. पण मी रोज बाजारात त्याच भाषेवर पोट भरत होते. मला पुरेसं कळलं. ही टोळी पाखराच्या आवाजात एकमेकांना इशारे देते. पावलं लपवायला गाय पुढं घालून चालते. हिच्या बाया पाखरं विकण्याच्या मिषानं घरांची टेहळणी करतात. टोळीच्या म्होरक्यानं हे सगळं स्वतः, राजीखुशीनं कबूल केलं आहे.

त्या कागदावरचं सगळं माझ्या तोंडातून गेलेलं होतं. खोटं म्हणायलाही जागा नव्हती. गाय खरी, आवाज खरा, माझं पाखरं विकणं खरं; लावलेला अर्थ तेवढा खोटा.

बाप माझ्याकडं बघत होता. "काय म्हनला? चिठ्ठीच हाय न्हवं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्याला आधी पटेना. मग तो मुनशीकडं वळला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "मुनशीजी, तुमी आमचं पानी पिलाव."

मुनशीनं मान वर केली नाही. वकील मात्र खो खो हसला. "अरे वा! पाणीसुद्धा प्यालात?"

"सरकारी काम था, साहब," मुनशी म्हणाला. "घर जा के कुल्ली कर ली."

घरी जाऊन चूळ भरली, हेही मीच बापाला सांगितलं, आणि त्या वाक्यावर त्याचा चेहरा पाहिला. पाटलाच्या लाथा खातानाही तो तसा झाला नव्हता.

दोन शिपायांनी त्याचा हात धरला आणि अंगठा दाबून घेतला. तो झगडला नाही. मग ते माझ्याकडं आले. मी मूठ आवळली, अंगठा आत घालून. शिपायानं ओढलं, पिरगाळलं. साहेब इंग्रजीत काही म्हणाला आणि शिपायानं माझी मूठ पायरीच्या दगडावर ठेवून तिच्यावर दंडुका घातला. एकदा. दोनदा. हाडं मोडल्याचं मला ऐकू आलं. मी ओरडले, पण मूठ उघडली नाही. मी उर्दूत म्हणाले, त्यांना नीट कळावं म्हणून, "अंगूठा नहीं दूँगी. यह काग़ज़ झूठा है."

साहेबानं चहा संपवला. "छोडो," म्हणाला. "मुनशी, तुम गवाही डाल दो." मुनशीनं माझ्या जागी सही केली. इतकं सोपं होतं ते. माझ्या मोडलेल्या बोटांनी त्यांचं एक अक्षरही अडलं नाही.

महिन्याभरात माळाला काटेरी कुंपण पडलं. सकाळ-संध्याकाळ जमादारासमोर हजेरी. बाहेर जायची मनाई. फासे जाळले, गाय हाकून नेली. शिकारीवाचून पालावर उपासमार सुरू झाली. माझं पोर तिसऱ्या उन्हाळ्यात गेलं. साधा ताप होता. दवाखान्यात न्यायला जमादाराची परवानगी दोन दिवसांनी मिळाली. त्यानंतर बापानं माझ्याशी बोलणं सोडलं. मला वाटायचं, तो मला दोष देतो. आता वाटतं, तो स्वतःला देत होता. तो त्याच कुंपणात मेला.

मी काय केलं? मी जमादाराच्या उर्दू वहीसमोर उभी राहिले. रोज दोनदा. तो नाव पुकारायचा आणि त्या नावावर बोट ठेवायचा. मी समोरून बघायची. तीच नावं, त्याच ओळी, तेच बोट. अक्षरं मला उलटी दिसायची, म्हणून मी उलटीच शिकले. रात्रंदिवस मातीत काडीनं गिरवायची. पहिलं नाव वाचता आलं ते बापाचं. त्याच्या पुढं एक शब्द होता, तो लागायला मला आणखी सहा महिने लागले. सरगना. टोळीचा म्होरक्या. तितर धरणाऱ्या माणसापुढं.

त्या दिवशी मी रडले नाही. मला राग आला, आणि तो बरा वाटला. तोपर्यंत मी फक्त स्वतःवर चिडत होते.

पुढं निजाम गेला, कुंपण निघालं, कचेरीतली लिपी बदलली. मी ती नवी लिपीही शिकले, सुलटी. पण वह्या घेऊन येणारे थांबले नाहीत. आता मोटारीतून येतात, आजी म्हणतात, पाया पडतात. "तुमच्या लोकांत टोळ्या कशा बनतात, यावर अभ्यास करतोय." आवाज गोड असतो. मुनशीचाही होता.

मी त्यांना उभं ठेवते. माझ्याकडं एक वही आहे. तिच्यात त्या तिघांची नावं आहेत, गावं आहेत, कोणत्या बहाण्यानं आले, कसं फसवलं, जाताना काय काय नेलं, ते सगळं आहे. माझ्या वाकड्या बोटांनी लिहिलेलं. पालावरच्या प्रत्येक पोरीला मी अक्षर शिकवलं ते याच वहीवर. आलेल्या माणसानं ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायची, आमच्या सगळ्यांसमोर, आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहून अंगठा उठवायचा.

आजवर एकानंही उठवला नाही. म्हणून आजवर एकालाही मी एक शब्द दिलेला नाही, आणि देणार नाही.