डब्यावरचा मिशीवाला

रागावण्यासारखं जे जे काही या जगात आहे, त्या सगळ्यावर एकदा तरी रागावून झालेली बाई वर्धा जिल्ह्यात एकच होऊन गेली, आणि ती म्हणजे आमची आत्या. इतरांना राग येतो आणि जातो. आत्याचा राग फक्त यायचा. सकाळी उठल्याबरोबर ती नळावर रागवायची, कारण त्याला पाणी नसायचं, आणि असलंच तर "आजच बरं सुचलं याले!" म्हणून रागवायची. सिंदी स्टेशनवर पॅसेंजर उशिरा आली की स्टेशन मास्तरची धडगत नसे. एकदा गाडी चक्क वेळेवर आली आणि आत्या फाटकापाशी असतानाच निघून गेली. आत्या तशीच तरातरा स्टेशनात शिरली आणि त्या बिचाऱ्याला म्हणाली, "रोज उशिरा आनता, मानूस त्या भरवशावर घरून निघते, तं आज वेळेवर येनार हे काऊन नाई सांगितलं?" स्टेशन मास्तरने माफी मागितली. गाडी वेळेवर सोडली म्हणून माफी मागणारा रेल्वेत तो एकटाच असेल. पोळ्याला बैलांना पुरणपोळी चारतानासुद्धा ती गप्प बसायची नाही. त्यांच्या कपाळाला कुंकू लावत ती त्यांनाच फैलावर घ्यायची, "वर्षभर मुकाट्यानं राबता आन् एका पोळीवर खूश होता? लाज नाई वाटत?" बैल शांतपणे पोळी खात राहायचे. गावात आत्याचं बोलणं इतक्या शांतपणे ऐकून घेणारे तेवढेच.

मी तिच्या भावाची मुलगी. तिच्या रागाचा थोडा वाटा माझ्याकडेही आला आहे, तेव्हा पुढे कुठे माझा आवाज चढला तर समजून घ्या. अकराव्या वर्षी आत्याला लुगडं नेसवलं, तेराव्या वर्षी लग्न लावलं आणि सोळाव्या वर्षी ती पांढऱ्या कपाळाने परत माहेरी आली. या सगळ्यात तिचं मत कोणी विचारलं नाही. पुढे ती सूत कातायला शिकली, हट्टाने मास्तरीण झाली आणि आमच्या शाळेत गणित व सूतकताई शिकवू लागली. अंगावर कायम पांढरी जाडीभरडी खादी. साड्या मोजक्याच, त्यातली एक समारंभाची. म्हणजे समारंभात जाऊन कोणावर तरी रागावण्याची. कातायच्या कापसाचे पेळू ठेवायला तिच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेला. त्याच्या झाकणावर एका गोऱ्या शिपायाचं चित्र होतं. झुपकेदार मिशा, छाती पुढे, बगलेत वाजवायची पिशवी, आणि कमरेला चुण्याचुण्यांचा लाल-हिरव्या चौकडीचा घागरा, गुडघ्यापर्यंत. तो स्कॉटलंडचा गडी आहे आणि त्या घागऱ्याला किल्ट म्हणतात, हे मला पुष्कळ पुढे कळलं. आत्या त्याला 'मिशीवाला' म्हणायची, आणि माझ्या माहितीत ज्याच्यावर ती कधी रागावली नाही असा तो एकमेव पुरुष होता.

आता साड्यांचं सांगते. सत्तरच्या सुमाराला आमच्या शाळेत मुलगी आठवीत गेली की तिला निळ्या काठाची पांढरी साडी सक्तीची असे. सातवीपर्यंत आम्ही झग्यात हुंदडायचो, झाडावर चढायचो, मुलांना लंगडीत हरवायचो, आणि जूनमध्ये एकदम साडीत गुंडाळून बाकावर बसवल्या जायचो. मला धावता यायचं. उगाच नम्रपणा कशाला, मला फार छान धावता यायचं. पण आठवीत वर्ध्याच्या जिल्हा स्पर्धेत मी साडी नेसून धावले, निम्म्यावर निऱ्या पायात आल्या आणि सगळ्या जिल्ह्यासमोर तोंडावर आपटले. पुढचा दात अर्धा तुटला. तो अजून तसाच आहे. मुख्याध्यापकांनी यावर उपाय काढला तो असा, की पुढच्या वर्षीपासून मुलींना स्पर्धेला पाठवायचंच नाही. माझे वडीलही म्हणाले, बरंच झालं, धावून कुठे जायचं आहे तिला?

आत्याने ते ऐकलं आणि टकळी खाली ठेवली. "निऱ्या पायात आल्या तं निऱ्या काढा ना! पोरीचे पाय कायले काढून राह्यले?" असं ती पहिल्यांदा वडिलांना म्हणाली, मग मुख्याध्यापकांना म्हणाली, मग बाजारात जो भेटेल त्याला म्हणू लागली. भाजीवाल्यालाही तिने ते सुनावलं, आणि तो घाबरून वांगी जास्त घालू लागला. दिवाळीनंतर तिने मागणी केली की आठवीपुढच्या मुलींना गुडघ्याखालपर्यंतचा चौकडीचा स्कर्ट द्यावा. संस्थेने सभा बोलावली. असली सभा आमच्या गावात आधी झाली नव्हती. कापूस विकायला आलेले लोकही बैल सोडून ऐकायला बसले. व्यासपीठावर सगळे पुरुष, समोर सगळे पालक, आणि ज्यांच्या पायांबद्दल सभा होती त्या आम्ही मुली व्हरांड्यात खिडकीच्या गजांना धरून. आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं. बायकांनी काय घालावं यावर त्या दिवशी दोन तास बोलणाऱ्यांत एकाच्याही पायात कधी निरी अडकली नव्हती.

संस्थेचे अध्यक्ष कापसाचे अडते होते. त्यांनी धोतराचा सोगा वर घेतला, मांडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बाई, पोरी मोठ्या झाल्या. त्यांचे पाय दिसतीन. लोक काय म्हनतीन?"

"तुमचं धोतर गुडघ्याच्या वर गेलं, ते आंधी खाली घ्या," आत्या म्हणाली. "लोक अजून काई म्हनून नाई राह्यले."

हशा पिकला. अध्यक्षांनी धोतर खाली घेतलं. एक बाई उठून म्हणाली, पाय दिसले तर पोरींची लग्नं कशी होतील? "पाय आहेत म्हून लग्न मोडल्याचं म्या तं ऐकलं नाई," आत्या म्हणाली. मग एक वयस्कर खादीवाले उठले. त्यांचा मुद्दा निराळाच होता: इंग्रजाची चौकडी आपल्या पोरींच्या अंगावर का? आत्या त्यांना मानत असे, म्हणून त्यांच्यावर ती जरा हळू आवाजात रागावली. "चौकडी कोनाच्या बापाची नाई. उभा धागा आडव्या धाग्याले भेटला का चौकडी होते. सूत आपलं राहीन, पोरी कातून देतीन. आन् हे पाहा." तिने पिशवीतून तो डबा काढून अध्यक्षांच्या टेबलावर आदळला. पेळू सगळीकडे उडाले. "हा गडी आहे. मिशा आहेत. लढाईवर जाते. याचे गुडघे दिसून राह्यले, याची अब्रू गेली का? आपल्या तान्ह्या पोळ्याले पोट्टे काय काय सोंगं घेऊन फिरतात, त्यांची जाते का? मंग पोरींचीच अब्रू एवढी कशी पातळ, का चार बोटं कापड सरकलं का गेली?"

अध्यक्ष टेबलावरचे पेळू गोळा करू लागले. पण आत्या एवढ्यावर थांबणार थोडीच. ती खिडकीकडे वळली. "एवढे बोलले सारे. ज्याइले घालाचं आहे त्याइले विचारलं का कोनी?" आणि आमच्याकडे बोट करून म्हणाली, "काय वं पोरींनो, पाहिजे का?" आम्ही आधी घाबरलो. मग मी, अर्ध्या दाताने, "पाहिजे!" म्हणून ओरडले आणि बाकीच्या माझ्यामागे. आपल्याला काय हवं हे भर सभेत कोणी विचारावं, असं आमच्यापैकी एकीच्याही बाबतीत तोवर झालेलं नव्हतं.

शेवटी ठराव झाला. स्कर्ट गुडघ्याच्या खाली चार बोटं असावा. एक बोट जरी वर गेला तरी स्कर्ट बंद आणि स्पर्धाही बंद. अध्यक्षांनी 'एक बोट' हे शब्द दोनदा उच्चारले. आत्या म्हणाली, बोटं मी स्वतः मोजीन. आम्ही मुलींनी सूत कातलं, सेलूकडच्या एका विणकराने डब्याचं झाकण पुढ्यात ठेवून चौकडी विणली. रंग जरा इकडचे तिकडे झाले, मिशीवाल्याचा हिरवा आमच्याकडे येईपर्यंत जांभळट झाला, पण आत्या म्हणाली, त्याच्यापेक्षा आपलाच बरा आहे. टेलर मास्तरने चुण्या घालून स्कर्ट शिवले. आत्याने एकेकीला उभी करून गुडघ्याखाली आपली चार बोटं लावून पाहिली. बरोबर चार. मग तिने फर्मावलं की सव्वीस जानेवारीला स्कर्ट स्वच्छ धुऊन, इस्त्री करून घालायचे.

आणि इथे घात झाला. कोरी खादी पहिल्या पाण्याला आटते. आत्याचा सारा जन्म खादीत गेला, पण तिने खादी नेसली ती साडी म्हणून. साडी वीतभर आटली तरी कोणाला कळतं? एक निरी कमी. कात्रीने कापून, मापाने शिवून खादी तिने कधी घातलीच नव्हती. टेलर मास्तर पडला टेरिकॉटवाला. आटणारं कापड त्याच्या मशीनखाली कित्येक वर्षांत आलं नव्हतं. सव्वीस जानेवारीच्या सकाळी झेंड्यासमोर आम्ही ताठ उभ्या राहिलो, आणि प्रत्येकीचा स्कर्ट गुडघ्याच्या वर चार बोटं. अध्यक्षांचे डोळे झेंड्याकडे असायला हवे होते, ते नव्हते. राष्ट्रगीत संपलं मात्र, ते कडाडले, "बाई, ठराव मोडला! आता पोरी साडीत, आन् स्पर्धा बंद!" मला रडू फुटलं. स्पर्धा पुढच्याच आठवड्यात होती. वडिलांनी मला हाताला धरून घरी नेलं.

त्या दिवशी मी आत्याला पहिल्यांदा न रागावता पाहिलं, आणि ते मला बघवेना. घरी येऊन ती माझ्या स्कर्टाची कड बोटांनी चाचपत बसली. "पोरी, माह्यामुळं गेलं तुमचं," एवढंच म्हणाली. आणि मग देवाच्या दयेने तिला राग आला. उठली, पेटी उघडली, समारंभाची साडी काढली आणि कात्री लावली. आई ओरडलीच, "अवं बाई, चांगली साडी हाये!"

"म्हूनच," आत्या म्हणाली. "ही पंधरा वर्षं पान्यात जाऊन राह्यली. हिचं आटाचं तेवढं आटून झालं. आता ही दगा नाई देत."

त्या दुपारी आमच्या ओसरीत सगळ्या मुली जमल्या. आत्याने साडीच्या रुंद पट्ट्या फाडल्या आणि आम्ही त्या आपापल्या स्कर्टाला खालून जोडल्या. लाल-जांभळी चौकडी आणि खाली पांढरीशुभ्र पट्टी. दुसऱ्या दिवशी आत्या आम्हां सगळ्यांना रांगेने अध्यक्षांच्या अडतीवर घेऊन गेली आणि हमालांदेखत म्हणाली, "मोजा." अध्यक्ष कसले मोजतात! ते हिशेबाच्या वहीत तोंड घालून म्हणाले, जा बाई, जा, घेऊन जा वर्ध्याला. मी धावले. पडले नाही. दुसरी आले. बक्षीस घेऊन आत्याकडे पळाले तर ती लालबुंद झाली होती. "पट्टी बराबर होती, नाडी घट्ट होती, मंग पह्यली काऊन नाई आली?" घरी येईपर्यंत पॅसेंजरमधला आख्खा डबा तिने माझ्या पायांना जाब विचारत डोक्यावर घेतला. मी खिडकीशी बसून हसत होते, तुटक्या दातासकट.

पुढे शाळेत स्कर्ट टेरिकॉटचे झाले. टेरिकॉट आटत नाही, तरी खालची पांढरी पट्टी तशीच राहिली. ऐंशीनंतर नवे मुख्याध्यापक आले, त्यांनी गणवेशाच्या नियमात 'खाली पांढरी पट्टी आवश्यक' असं लिहून टाकलं. ती कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. मी मात्र सुट्टीत माहेरी आले की शाळा सुटायच्या वेळेला मुद्दाम रस्त्यावर उभी राहायचे. पोरी पट्ट्या उडवत सायकलींवरून जायच्या.

अशाच एका सुट्टीत पेटी आवरताना माझा तो जुना स्कर्ट सापडला. आत्या आता थकली होती. रागवायची, पण मध्ये मध्ये दम घ्यावा लागायचा. तिने स्कर्ट मांडीवर घेतला आणि पट्टीवरून हात फिरवत राहिली. डबा शेजारीच होता, मिशीवाल्याचा घागरा एव्हाना गंजला होता. त्या एवढ्याशा बाईकडे बघताना माझ्या मनात आलं, हिने सगळ्यांना विचारलं. हिला?

"आत्या," मी म्हटलं, "तुला पाहिजे होता का गं कधी?"

तिचा हात थांबला. "मले कोनं विचारलं होतं वं तवा?"

"आता मी विचारते. घालून पाहतेस?"

"डोकं फिरलं काय तुह्यं? या वयात? लोक काय म्हनतीन?" ती केवढ्यांदा तरी ओरडली. बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. स्कर्ट तिने खाली ठेवला नाही. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ओसरीकडे. ओसरीत कोणी नव्हतं.

"तेवढं दार लोट," ती हळूच म्हणाली.

मी उठले आणि दार लोटून घेतलं.