हिरव्या पट्ट्यासाठी आरडाओरडा

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी माझी बायको उज्ज्वला गेली. मंगळवारपासून आमच्या घरात कोणी ओरडलं नाही.

यावरून आमच्याकडे आधी रोज भांडणं होत असतील असं कोणाला वाटेल. तसं नव्हतं. उज्ज्वलाचा आवाजच तसा होता. मुलुंडच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून तिने भाजीवाल्याला 'थांब' म्हटलं की भाजीवाला थांबायचा, त्याच्या मागची रिक्षा थांबायची आणि शेजारच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ जिना चढता चढता थांबायचे. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझी सगळी नोकरी 'शांतता राखा' या पाटीखाली गेली. आमची मिताली माझ्या वळणावर गेली. दहा वर्षांत तिने एकाच शब्दाला आवाज चढवला. संध्याकाळी ती खाली खेळत असली की उज्ज्वला गॅलरीतून 'मितालीऽऽ' अशी हाक मारायची आणि खालून 'आलेऽऽ' असं उत्तर यायचं. (ती लगेच कधीच यायची नाही, तो भाग वेगळा.)

मितालीला तायक्वांदोच्या क्लासला घालायची कल्पना उज्ज्वलाचीच. "या घरात कोणीतरी लाथ मारायला शिकलं पाहिजे," असं ती माझ्याकडे बघत म्हणाली होती. मितालीला पिवळा पट्टा मिळाला तेव्हा उज्ज्वला म्हणाली, "हिरवा मिळू दे, गॅलरीतून सगळ्या मुलुंडला सांगते." ते सांगायचं राहून गेलं. आणि शाळेला सुट्टी लागल्यावर हिरव्या पट्ट्याची परीक्षा आली. मिताली क्लासचा पांढरा ड्रेस घालून झोपायला लागली.

एकदा क्लास सुटल्यावर तिच्या प्रणाली मॅडमनी मला बाजूला घेतलं. मॅडम म्हणजे विशीतली, केस घट्ट बांधलेली मुलगी.

"काका, मितालीची किक झकास आहे. पण फळी फुटत नाही. का, माहितीय?"

"लाकूड जाड असेल."

"लाकूड नाही हो. आवाज. किहाप म्हणतात त्याला. लाथ मारताना पोटातून ओरडायचं, मग सगळा जोर पायात येतो. ही तोंड मिटून मारते, चोरासारखी. एक्झामिनर बाहेरचे आहेत, कडक आहेत. किहाप नाही तर पट्टा नाही."

"पण मागच्या परीक्षेत तर ती चांगली ओरडली होती. मी स्वतः ऐकलं." (मी शेवटच्या रांगेत पुस्तक वाचत होतो, पण ऐकलं होतं.)

"तेच ना. तेव्हा तर हॉल हलला होता. आता काय झालं, मला पण कळत नाहीये."

मला घरी जाताना कळलं.

"बाबा," मिताली म्हणाली, "तो आवाज आईचा होता."

"कुठला?"

"मागच्या परीक्षेतला. आई पुढच्या खुर्चीत होती. मी नुसतं तोंड उघडलं. ओरडली ती."

मी भर रस्त्यात थांबलो. मागून हॉर्न वाजले. माझ्या मुलीचा पिवळा पट्टा पार्श्वगायनावर मिळालेला होता.

"आणि कोणाला कळलं नाही?"

"बाबा, आईचा आवाज तो. हॉलभर होता. कुठून येतोय ते कसं कळणार?"



मी स्वभावाप्रमाणे एक पुस्तक आणलं. त्यात श्वासपटलाची आकृती होती. ती मी मितालीला नीट समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता तू ओरडून दाखव."

मी उभा राहिलो. पाय फाकवले, मूठ आवळली, पोटात हवा भरली आणि सगळा जोर लावून तोंडातून आवाज काढला.

"श्श्श!"

मिताली सवयीने खाली बसली आणि तिने अभ्यासाचं पुस्तक उघडलं.

मग तिनेच युक्ती काढली. "कुकरच्या शिट्टीबरोबर ओरडू या. म्हणजे कोणाला ऐकू नाही जाणार." (आपला किहाप कोणाला ऐकू जाऊ नये अशी इच्छा असलेले तायक्वांदोच्या जगात आम्ही दोघंच असू.) तेव्हापासून रोज संध्याकाळी मी कुकर लावायचो आणि छातीशी उशी धरून उभा राहायचो. समोर पवित्रा घेऊन मिताली. शिट्टी झाली की तिची लाथ उशीवर आणि दोघांचा किहाप. सराव पुरा होईपर्यंत शिट्ट्या द्याव्या लागत असल्यामुळे डाळीची खळ व्हायची. ती आम्ही भातावर थापून खायचो. एकदा मितालीची नजर पोळपाटावर गेली, तेव्हा मी पोळपाट कपाटात ठेवला.

अडचण एवढीच, की शिट्टीत काहीच ऐकू येत नसे.

"तू ओरडलीस?" मी विचारायचो.

"हो. तू?"

"मीही."

दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता.

एका शनिवारी असेच उभे होतो. कुकर सुसू करायला लागला. मी दम भरला, डोळे मिटले. आणि नेमका त्या क्षणी सिलेंडर संपला. शिट्टी आली नाही. माझा आवाज आला.

मिताली लाथ मारायची विसरली. खाली चाललेलं मुलांचं क्रिकेट थांबलं. गॅलरीतली दोन कबुतरं उडून गेली (उज्ज्वला हातात झाडू घेऊन वर्षभर त्यांना हाकलत होती, तेव्हा ती जागची हलली नव्हती). मी उशी धरून तसाच उभा होतो. एवढं काही माझ्या आत असेल, याची मला कल्पना नव्हती.

तेवढ्यात दार ढकलून समोरच्या परबकाकू आत आल्या. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"रडान घे, झिला," त्या त्यांच्या मालवणीत म्हणाल्या. "रडान घे."

मी स्मशानात रडलो नव्हतो. घरी येऊनही रडलो नव्हतो. याला कधीतरी रडू फुटणार, असं अख्ख्या मजल्याचं मत होतं आणि फेब्रुवारीपासून सगळे तयारीत होते. काकूंच्या मागून आणखी माणसं आली. कोणी पंखा मोठा केला, कोणी मला खुर्चीत बसवलं, कोणी चहा टाकायला आत गेलं आणि "अहो, गॅस संपलाय यांचा" असं सांगत बाहेर आलं. काकूंनी माझं डोकं खांद्यावर दाबून धरलं.

"काकू, मी रडत नाहीये."

"होय, होय. पुरुष असाच बोलतत."

"परब आजी," मिताली म्हणाली, "बाबा मला ओरडायला शिकवतोय. परीक्षेसाठी."

काकूंनी आधी उशीकडे पाहिलं. मग माझ्या आवळलेल्या मुठीकडे. मी त्यांच्यासमोर चोरी करताना सापडलो असतो तरी त्यांना एवढा धक्का बसला नसता.

"सुधीर? ओरडूक शिकवता?" त्या म्हणाल्या. "ह्या काम उज्ज्वलाचा."

माझं डोकं त्यांच्या खांद्यावरच होतं. मग मी खरोखरच रडलो. एवढी माणसं जमलीच होती.

परीक्षा स्टेशनजवळच्या एका मंगल कार्यालयात होती. दुपारी तिथे साखरपुडा होता. त्यामुळे एकीकडे मुलं रांगेत लाथा मारत होती आणि दुसरीकडे शिडीवर चढून एक माणूस झेंडूच्या माळा लावत होता. मी पुढच्या रांगेत बसलो. शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती. का, ते मला कोणी विचारलं नाही.

"काका, पालकांनी बोलायचं नाही हं," प्रणाली मॅडम जाता जाता म्हणाल्या.

"मी? मी कशाला बोलेन?"

मितालीचं नाव आलं. मॅडमनी फळी धरली. मिताली तोंड मिटून उडाली, टाच फळीवर बसली, 'टक्' असा आवाज झाला. फळी होती तशीच राहिली.

"किहाप कुठाय?" एक्झामिनर म्हणाले. "अजून एक चान्स. शेवटचा."

मिताली मागे सरकून उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने माझ्या शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं.

यानंतरचं माझ्या हातून घडलं असं मला आजही म्हणवत नाही. माझं तोंड उघडलं आणि त्यातून गॅलरीतली हाक बाहेर पडली. तशीच लांबवलेली, शेवटी वर चढणारी.

"मितालीऽऽ!"

"आलेऽऽ!"

तिचा पाय त्या शब्दाबरोबरच निघाला होता. फळीचा अर्धा भाग मॅडमच्या हातात राहिला. उरलेला अर्धा उडाला आणि साखरपुड्यासाठी ठेवलेल्या थर्माकोलच्या हंसाच्या मानेत रुतला. शिडीवरच्या माणसाने माळ सोडून शिडी धरली.

मिताली स्वतःच्या पायाकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

"काय ओरडली ती?" एक्झामिनरनी विचारलं.

"आले," मॅडम म्हणाल्या.

"चालेल. कुठला शब्द हवा असा काही नियम नाही. पोटातून यायला पाहिजे, तो आला." मग त्यांनी पेन माझ्याकडे रोखलं. "हे कोण?"

"पालक आहेत, सर."

"यांना बाहेर काढा. इथे शांतता लागते."

हे वाक्य मी आयुष्यभर इतक्या मुलांना ऐकवलं आहे, की त्यातला 'यांना' म्हणजे मी, हे कळायला मला वेळ लागला. मी उठलो आणि बाहेर जाऊन चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहिलो. थोड्या वेळाने माळांचा माणूस विडी ओढायला आला.

"काय झालं, साहेब?"

"आवाज केला म्हणून काढलं."

"हां," तो म्हणाला. "ऐकला."

हिरवा पट्टा आता दारामागच्या खुंटीला आहे. त्या संध्याकाळी सगळ्या मुलुंडला सांगायला मी गॅलरीत गेलो, तेव्हा फक्त परबकाकूंना ऐकू गेलं. भाजीवाला माझ्या आवाजाला थांबत नाही, त्याच्यासाठी मला खाली उतरावं लागतं. मिताली मात्र माझ्या हाकेला खालून उत्तर देते. लगेच येत नाही.