लाल दोरा

ऑस्ट्रेलियातल्या बंडबर्गच्या आमच्या गाडीवाल्यांच्या क्लबात निम्म्या गाड्यांत डेल्मा रिकर्ड्सच्या हातची शॅकलं, म्हणजे ओढदोर जोडायचे आकडे, आहेत. लोखंडाची नव्हेत, दोरीची. एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला लिंबाएवढी गाठ. गाठ फासात अडकवली की रुतलेली गाडी आणि ओढदोर जोडले जातात. डेल्माने तीस वर्षं कोळंबीच्या बोटींवर दोरकाम केलं. आता ती सत्तरीची आहे आणि एका डोळ्यात मोतीबिंदू वाढतो आहे.

तिची रीत ठरलेली. गाठ मारली की शॅकल अंगणातल्या खांबाला लावून गाडीने ताणायचं. गाठ घट्ट बसली की मगच तिची शेपटं, म्हणजे उरलेली टोकं, कापायची आणि ताणल्याची खूण म्हणून फासावर लाल दोरा शिवायचा. न ताणता शेपटं कापली, तर भार येताच गाठ निसटू शकते.

ऑगस्टच्या सहलीत रॉस पेन्गेलीची गाडी किनाऱ्यावर आसापर्यंत रुतली. भरती चढत होती. घर विकून त्याने ती गाडी घेतली होती, नवरा-बायको तिच्यातच राहत. माझी गाडी पुढे उभी करून आम्ही रॉसकडच्या, डेल्माच्या हातच्या शॅकलने दोर जोडला.

"ओढ रे!" रॉस ओरडला.

"थांब!" डेल्मा धावत आली. "ह्याचा दोरा कुठाय?"

"पडला असेल गं. डेल, समुद्र काही तुझ्या तपासणीसाठी थांबायचा नाही."

"शिवलेला दोरा पडत नाही." तिने अंगठ्याने गाठ दाबली. गाठ मऊ होती, शेपटं मात्र बेतात कापलेली. "हे मी ताणलंच नाही," ती पुटपुटली.

"तुझ्या हातचं आहे, धरेल की!"

"म्हणूनच नको."

तिच्या गाडीच्या टपावर पाण्याचा कॅन एका जुन्या शॅकलने बांधला होता. ते काढायला ती चढली. वर्षानुवर्षांच्या भाराने आवळलेला फास ओल्या बोटांना सुटेना. रॉसच्या मागच्या चाकांशी पाणी आलं.

"दे इकडे, मी बघतो," मी म्हणालो.

"गप्प बस, घाई करशील!" तिने फास दातांत धरून ओढला. सुटला.

ते जुनं शॅकल लावून ओढलं, तर पहिल्या दोन हिसक्यांना गाडी हललीच नाही. तिसऱ्याला वर आली. तिच्या खड्ड्यात लगेच फेस भरला.

रॉस हसत म्हणाला, "पैज लाव, ते पहिलंही टिकलं असतं!"

डेल्मा हसली नाही. तिने मला विचारलं, "रॉसला हे मे महिन्यात दिलं. तेव्हापासून मी कुणाकुणाला शॅकलं दिली, आठवतं का रे?"

तळावर पोचल्यावर मी सगळ्यांची शॅकलं गोळा केली. ती खुर्चीत बसून डोळे मिटून एकेक गाठ दाबत गेली. पाच ठीक निघाली. सहाव्याच्या मऊ गाठीवर तिचा अंगठा थांबला.

"डेल, ह्याला दोरा आहे की," मी म्हणालो.

"आहे ना," ती म्हणाली. "तेच तर."

लाल दोरे उसवायला तिने सुरी मागितली आणि आधी तपासलेली पाचही पुन्हा मांडीवर घेतली.