मनीषा आणि शेगडी

उन्हाळ्यात मनीषा गळ्याभोवती बर्फ गुंडाळलेला पंचा घेऊन बसायची. कुणी विचारलं की म्हणायची, "मी फ्रीजमधली भाजी आहे. बाहेर ठेवली की कोमेजते." ऐकणारा हसायचा. मला हसू येत नसे. अंग तापलं की खरोखरच तिच्या डोळ्यांपुढे धुकं यायचं आणि पाय ऐकेनासे व्हायचे.

त्याआधी, मी शिकवते त्या नाशिकरोडच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाचा कामचुकार पोरगा हेरायची. "पळ रे, पाय फुकट मिळालेत!" हे तिचं ठरलेलं वाक्य. जिना चढताना मी धापा टाकू लागले की मलाही तेच ऐकवायची.

बाळंतपणाला ती लासलगावला माहेरी गेली. तिथे रीतीप्रमाणे कडकडीत पाण्याची आंघोळ आणि मग बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. शेक सुरू झाला की तिला एका डोळ्याने अंधुक दिसे, पायांना मुंग्या येत, जीभ जड होई. अंग निवलं की बरंचसं ओसरे. त्यामुळे शेक अंगातला दोष बाहेर काढतोय, अशी घरात सगळ्यांची खात्रीच पटली. मालिशवाली म्हणाली, "अंगात वारं शिरलंय. निखारे वाढवा, लय गुण येईल." ते वाढवले. एका सकाळी मनीषाला बाजेवरून उठताच येईना.

नाशिकच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव सांगितलं. रोगाशी लढणारी शरीराची ताकद घरच्यांवरच उलटते, मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांचं आवरण कुरतडते, जागोजागी व्रण राहतात आणि मेंदूचा निरोप वाटेत अडखळतो. बाळंतपणानंतर हा आजार उसळू शकतो. शेकाने तो होत नाही, फक्त उष्णतेने त्रास तेवढ्यापुरता वाढतो. एवढं समजावूनही तिची आई म्हणत राहिली, "म्याच भाजलं गं माझ्या लेकराला."

"आई, तुझ्या शेगडीत एवढा दम नाही," मनीषा म्हणाली.

मला मात्र त्या मालिशवालीचा अजून राग येतो. तो अन्यायाचा आहे हे कळूनही येतो.

औषधांनी ती उभी राहिली, शाळेतही आली. मग पुन्हा झटका. ती म्हणायची, "दर वेळी हातपाय परत देतात, मॅडम, पण काहीतरी ठेवून घेतात." पळणं गेलं, मग चालणं, मग लघवीवरचा ताबा. नवरा दिवसभर ओझरच्या कारखान्यात, म्हणून आई तिच्याकडे राहायला आली. एकदा हात थरथरून लहानगी लेक ओवी मनीषाच्या हातून निसटली. खाली गादी होती म्हणून निभावलं. तेव्हापासून ती मुलीला बजावू लागली, "पडलीस की आजीकडे जायचं. आईकडे नाही." ओवी तरीही आईकडेच यायची, चाकांच्या खुर्चीपुढे दोन्ही हात वर करून रडत उभी राहायची. मनीषा नुसतं "आजी" म्हणायची आणि भिंतीकडे बघायची. मला तिथे बसवत नसे.

पुढे गिळणंही अवघड झालं आणि गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियाने ती गेली. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले होते. ओवी अंगणात पडली, गुडघा फुटला. भोकाड पसरून आत धावली, आईच्या खुर्चीला वळसा घालून थेट आजीच्या कडेवर चढली.

"बघितलंत, मॅडम?" एकेक अक्षर सुटं करत मनीषा म्हणाली. "शिकली."

मग तिने तोंड झाकायला हात उचलले. ते वरपर्यंत पोचले नाहीत.